दगडूच्या हरभऱ्याची मोबाइलवर नोंद

एका गावात एक भोळा शेतकरी होता. नाव दगडू शिंगटे. तो मीच. उगाच दुसऱ्याचं नाव कशाला खराब करू?

सरकारनं ठरवलं, पिकाची नोंद ज्यानं त्यानं मोबाइलवर करायची. नोंद नसेल तर खरेदी केंद्रावर माल घेणार नाहीत. माझा दहा गुंठे हरभरा घाट्यांनी लगडला होता आणि मुदतीला चार दिवस उरले होते.

बायको म्हणाली, "नीट इचारून करा."

मी विचारूनच केलं, तिथंच घोळ झाला.

तलाठी मॅडम म्हणाल्या, "दगडूभाऊ, शेतात उभे राहा आणि फोटो काढा." मी फेटा बांधून उभा राहिलो आणि माझा फोटो काढला.

"अहो, तुमचं तोंड काय करायचंय? फक्त हरभरा दिसू द्या."

"बरं."

दुसऱ्या दिवशी मोबाइलनं ओळख पटवायला चेहरा मागितला. मी तोंडापुढं हरभऱ्याचा डहाळा धरला. मोबाइल म्हणाला, ओळख पटत नाही.

बायको म्हणाली, "मला तरी कुठं पटतीया?"

मॅडमनी कपाळावर हात मारला. "मोबाइल जे मागेल ते त्याच्यासमोर धरायचं!"

"बरं."

तिसऱ्या दिवशी शेतात रेंज नव्हती. मॅडम म्हणाल्या, "मग टेकडीवर जा." गेलो. मोबाइलनं हरभरा मागितला. हरभरा खाली, मोबाइल वर.

चौथ्या दिवशी बायको बाजाराला गेली. मी पहाटेपासून सगळा हरभरा उपटला आणि बैलगाडीनं टेकडीवर नेला. एखादा डहाळा नेऊन दहा गुंठे कसे सांगणार? मी भोळा आहे, खोटारडा नाही.

मोबाइल म्हणाला, तुम्ही शेताबाहेर आहात.

मॅडम फोनवर ओरडल्या, "फोटो शेतातच काढायचा! टेकडीवर येऊन फक्त पाठवायचा!"

एवढंच ना! धावत खाली गेलो. तोंड मध्ये येऊ दिलं नाही. फोटो काढला, वर आलो. मोबाइलनं विचारलं, शेतात काय आहे? खरं होतं त्याच उत्तरावर बोट दाबलं. फोटो गेला.

बायको बाजारातून आली. रान रिकामं आणि टेकडीवर गावच्या शेळ्या हरभऱ्यात तोंड घालून उभ्या. ती मटकन खाली बसली. पण काम मुदतीत झालं होतं. मी मोबाइल पुढं केला.

"नोंद झाली बघ. या खेपेला एकसुद्धा चूक नाही."

तिनं वाचलं. जमीन पडीक.