गोधडीने पात्याला विचारलं

फार पूर्वी एका बाजारगावात सोनाकाकूंचं गोधड्यांचं दुकान होतं. दर गुरुवारी बाया तिथे शिवायला जमत. जुनं कापड कापण्याआधी म्हातारी सुई त्याला विचारायची, "बाळा, तू कुणाचं?" कापड नाव सांगायचं आणि मग निवांत कापून घ्यायचं.

एका गुरुवारी दुकानात कापड कापायचं नवं, गोल फिरणारं पातं आलं. "सुईआजी, तुझी चौकशी होईतो माझे आठ थर कापून होतात," ते हसलं. कुणालाही न विचारता त्याने सगळं कापलं. दुपारपर्यंत, शिवायला येणाऱ्या भागूच्या तान्ह्या बाळाची गोधडी तयार झाली.

पांघरताच बाळ गारठलं. तुकडे आपापला हरवलेला अर्धा भाग शोधत सरकू लागले, आणि गोधडी बाळाभोवती आवळत गेली.

"भागे, काढ ती!"

"निघत नाही हो, काकू!"

सुई धावली. एकेका तुकड्याला तिने विचारलं. नाव सांगून तुकडा शांत व्हायचा. शेवटचा तुकडा हळूच म्हणाला, "मी भागूच्या आईचं लुगडं." गोधडी सैल झाली, उबदार झाली. बाळ झोपलं.

मग गोधडीतून आवाज आला, "पात्या, तू कुणाचं रे?"

पात्याकडे सांगायला एकही नाव नव्हतं. आणि गोधडीचा एक कोपरा हळूहळू त्याच्याकडे सरकू लागला.