वासाचं वजन

पाळणा असा चमकत होता की त्यात तोंड दिसावं. नागोजीराजांनी तोंड पाहायला त्यात डोकं घातलं आणि ओळीने अकरा शिंका देऊन बाहेर काढलं. डोळ्यांत पाणी, पगडी कानावर!

"सगुण चितारी!" राजे गरजले. "चार दिवसांनी माझ्या नातवाचं बारसं, आणि हा पाळणा आहे की शिक्षा? रोगण किती लावलंस याला?"

"दोन शेर, महाराज."

"आणि वास किती घातलास?"

"वास कोणी मोजून घालत नाही, महाराज."

"मग आता मोज! उद्या सकाळी तराजूत वास तोलून दाखव. नाही जमलं, तर हत्यारं इथेच ठेवायची आणि माझ्या राज्यातून चालू लागायचं!"

सगुणच्या पाठीमागे त्याची मुलगी आवडी उभी होती. इतकी पाठीमागे, की ती आली आहे हे कोणाला कळलंही नाही. आवडीला बोलायची फार भीती. बाजारात ती भाजीकडे नुसतं बोट दाखवायची आणि तेही नीट दाखवायची नाही, म्हणून त्यांच्या घरी आठवड्यातून चार दिवस नको असलेली वांगी शिजायची.

खरं तर चितारी लोक लाखेने रंगकाम करणारे. पण शेजारच्या राजाचा रथ पाहून आल्यापासून महाराजांनी हट्टच धरला होता, "मला तसलं रोगण हवं!" रोगण आलं ते काकवीसारखं घट्ट. ते पातळ करायचं काम आवडीकडे होतं. किती टर्पेंटाइन घालू, हे बाबांना विचारायचं तर बोलावं लागणार! त्यापेक्षा ओतलेलं बरं, म्हणून ती ओतत गेली. कुंचला लोण्यावरून फिरावा तसा फिरला आणि आवडी स्वतःवर खूश झाली.

आता घरी बाबा राजवाड्यात जमा करायची हत्यारं फडक्यात बांधत होते. 'शाबास आवडी,' ती मनात म्हणाली. 'एक प्रश्न वाचवलास आणि घर घालवलंस!'

तेवढ्यात बाबा रोगणाचं भांडं उचलून ओरडले, "पुन्हा झाकण उघडं? बघ, निम्मं उडून गेलं! भांडं हलकं लागतंय हाताला!"

झाकण विसरणं ही आवडीची रोजची चूक. रोज ती मान खाली घालायची. आज तिने मान वर केली.

"बाबा," ती म्हणाली, "सोनाराचा काटा मिळेल?"

दुसऱ्या दिवशी राजवाड्याच्या अंगणात, भर उन्हात काटा टांगला गेला. पाळण्याच्या दोन सारख्या दांड्या उरल्या होत्या. आवडीने त्या दोन पारड्यांत ठेवल्या. काटा सरळ राहिला. मग तिने एका दांडीला तेच रोगण फासलं. ते पारडं खाली गेलं. समोरच्या पारड्यात तोळ्याचं वजन टाकताच काटा पुन्हा सरळ झाला.

"हे रोगणाचं वजन झालं," दिवाणजी म्हणाले. "वास कुठाय?"

आवडीने तोंड उघडलं. आवाज आलाच नाही. शेवटी तिने नेहमीसारखं बोट दाखवलं, पारड्याकडे.

सगळे पाहत बसले. ऊन चढलं. रोगणाचा वास अंगणभर पसरला, दिवाणजी शिंकले आणि रोगणाचं पारडं हळूहळू वर उचललं गेलं!

"फुंकर कोणी मारली?" राजे उठून उभे राहिले.

"कोणी नाही, महाराज," आवडी कुजबुजली. "वास उतरून चाललाय."

आत जेवणाची पानं मांडली होती, पण राजे हलेनात. पारडं वर जायचं थांबलं, तेव्हा आवडीने त्यात एकेक गुंज टाकायला घेतली. शहाण्णव गुंजांचा एक तोळा; अठ्ठेचाळिसाव्या गुंजेला काटा सरळ झाला.

"तोळाभर रोगणात अर्धा तोळा वास," ती म्हणाली. "म्हणजे दोन शेरांत एक शेर."

"शेरभर वास!" राजांनी नाक चोळलं. "तोललास खरा. पण या वासाच्या पाळण्याऐवजी नातवाला काय रांजणात झोपवू?"

आवडीने दुसरी, कोरी दांडी बाबांच्या लाकूड फिरवायच्या चाकावर चढवली. बाबांनी चाक फिरवलं. फिरत्या लाकडावर तिने लाखेची लाल कांडी दाबून धरली. घासून घासून लाख वितळली आणि लाकडावर चढली. वरून केवड्याचं पान फिरवताच दांडी लखलखली. तीही काट्यावर चढली. वजनं टाकून काटा सरळ केला, आणि तो तसाच राहिला. दिवाणजींनी नाक लावलं. शिंक नाही!

"पाळण्याला सगळ्या अशाच दांड्या," सगुण म्हणाला. "बारशाच्या आत खरवडून लाख चढवतो, महाराज."

"मग आधीच का नाही चढवलीत?" राजांचे डोळे बारीक झाले. "चूक कोणाची? मुली, तीही तोलून सांग!"

सगुणने डोळे मिटले.

"शेरभर वासातला अर्धा शेर माझा, महाराज," आवडी म्हणाली. "विचारायला लाजले आणि टर्पेंटाइन ओतत सुटले."

"आणि उरलेला अर्धा?"

"तो... शेजारच्या राजाच्या रथाचा."

राजांनी पाळण्याकडे पाहिलं. मग त्यांचं पोट हलू लागलं.

"माझा म्हण की, माझा!" ते खदखदून हसले. "रथाचं रोगण पाळण्याला! नातवाला काय घोडे जुंपणार होतो मी? वर पहिलं डोकंही मीच घातलं! दिवाणजी, मोठा तराजू आणा. या मुलीची गुळाने तुला करा, आत्ताच्या आत्ता!"

आवडीने आत तशाच राहिलेल्या जेवणाच्या पानांकडे पाहिलं. मग, आयुष्यात पहिल्यांदाच चारचौघांत, कोणी न विचारता आणि अगदी स्पष्ट आवाजात ती बोलली.

"महाराज, तुला जेवणानंतर केली तर? शेर-दीड शेराचा फरक पडेल!"

राजे इतके हसले की पगडी पुन्हा कानावर आली. आवडीला त्यांनी स्वतःशेजारी जेवायला बसवलं आणि तिसऱ्या पुरणपोळीनंतरच तराजू आत आणवला.