नाव नसलेलं बाळ आणि सुरंगीची परी

समुद्राच्या काठी, हिरव्यागार माडांखाली एक इवलंसं घर होतं. तिथे मैना नावाची मुलगी राहायची, आणि पाळण्यात तिचा भाऊ. भाऊ रांगायला लागला, त्याला शुभ्र दातुल्या आल्या, तरी त्याला नाव नव्हतं.

बाळाच्या कानात नाव सांगते ती आत्या. पण मैनेची आत्या विधवा होती, आणि विधवेनं नाव ठेवणं त्या गावात चालत नसे. बाबा म्हणाले, नाव ठेवील तर माझी बहीणच. झालं, गावानं त्यांना वाळीत टाकलं. त्यांच्याशी कुणी बोलेना, बाबांनी माडाच्या झावळ्यांचे विणलेले झाप कुणी घेईना. शिवाय तिथली रीत अशी, की आत्यानं 'कुर्रर्र' करून नाव सांगितलं की शेजारच्या बाईनं तिच्या पाठीत धपाटा घालायचा. धपाटा नाही, तर नाव लागत नाही. आता धपाटा घालणार कोण?

घरातली पेज पातळ होत चालली. आत्या रोज म्हणायची, मी कुठेतरी निघून जाते, म्हणजे तुमचं सुरळीत होईल. ते ऐकून मैनेला रडू फुटायचं.

एकदा अशीच रडत ती रानातल्या सुरंगीच्या झाडाखाली बसली. समोर फांदीवर, आठ पायांच्या कोळ्याच्या जाळ्यात काहीतरी लुकलुकत होतं. अंगठ्याएवढी परी! केशरी घागरा, चंदेरी पंखुल्या. मैनेनं एकेक धागा हळूच सोडवला आणि कोळ्याचं जाळंही मोडू दिलं नाही.

परीनं तिला सुरंगीच्या तीन पिवळ्या कळ्या दिल्या. एका कळीला एक इच्छा.

"पण कुणाचं मन वळवायला मागू नकोस हं," परी म्हणाली. "मन येणार नाही, नुसते पाय येतील."

मैना घाईत होती. घरी पोचताच तिनं मागितलं, सगळ्या बायका बारशाला येऊ देत. आणि बायका आल्या की! रंगीबेरंगी लुगडी नेसून ओळीनं बसल्या. पण कुणी गाईना, हसेना, पाळण्याकडे बघेना. त्यांचे डोळे बाहुल्यांसारखे होते. आत्यानं भीतभीत नाव सांगितलं, तर तिच्या पाठीवर हात पडला तो ओल्या फडक्यासारखा; त्यानं नाव काही लागलं नाही. तेवढ्यात कळी कोमेजली. बायका भानावर आल्या, किंचाळल्या आणि पळाल्या. या घरानं आपल्यावर करणी केली, असं गावभर झालं. लोकांनी त्यांच्या दाराशी काटे आणून टाकले. आत्यानं बोचकं बांधलं.

मैनेला वाटलं, मीच सगळं बिघडवलं. आणि खरंच तिनंच बिघडवलं होतं.

काटे चुकवत ती भागीरथी आजीच्या अंगणात गेली. वाळीत टाका, असं पहिल्यांदा म्हणाली ती हीच. दार बंद होतं. दुसरी कळी हातात धरून मैनेनं मागितलं, हिच्या मनात काय आहे ते मला कळू दे.

बंद दाराआडून एक थकलेला आवाज आला. "माझ्या भावाच्या झिलाच्या बारशाक माका दाराआड उभी केली. मी नाव काढून ठेवलेलं. ता नाव माझ्या तोंडातच रवला. आता हिका चालला, तर माका तेव्हा कित्याक नाय चालला?"

म्हणजे आजीलाही विधवा म्हणून भाच्याचं नाव ठेवू दिलं नव्हतं! मैनेचा राग कुठल्या कुठे गेला. हातात शेवटची कळी उरली होती. त्या कळीवर ती गरम गरम भात मागणार होती. तिनं ती उंबऱ्यावर ठेवली.

"आजये, ही तुका," ती म्हणाली. "आमच्या बाळाक तुझा ता नाव दी."

दार उघडलं नाही. मैना घरी परतली. आत्या बोचकं घेऊन पायरी उतरत होती.

आणि समोरून काटे तुडवत भागीरथी आजी येत होती, एकटीच. तिच्या पांढऱ्या केसांत सुरंगीची कळी होती. नवरा गेल्यापासून तिनं केसांत फूल माळलं नव्हतं.

"मुकुंद," ती आत्याला म्हणाली. "सांग त्येच्या कानात."

आत्यानं बोचकं खाली ठेवलं आणि पाळण्यात वाकून 'कुर्रर्र' केलं. आजीनं तिच्या पाठीत असा धपाटा घातला, की मुकुंद खुदकन हसला.

आजीच्या केसांतली कळी उमलली. त्यातून परी उडाली, घरभर सोनेरी उजेड सांडला आणि ती त्यातच विरून गेली.

उजेड ओसरल्यावर मैनेनं बाहेर पाहिलं. गावातली बाकीची दारं बंदच होती. आजी पाळण्याची दोरी हलवत होती, आणि तिच्या पायांतून रक्त येत होतं. मैना तिच्यापाशी बसली आणि एकेक काटा हळूच काढू लागली.