ताटात राहिलेली चपाती

ही गोष्ट सांगताना माझं डोकं अजून तापतं. आधीच सांगून ठेवते, म्हणजे मध्येच कुणी 'जाऊ द्या हो, घराघरांत चालायचंच' असं म्हणायचं नाही. चालायचंच म्हणूनच तर हे असं होतं.

तालुक्याच्या गावी, भाजीमंडईच्या वरच्या अंगाला, विसूअण्णा माळवदे नावाचे शिंपी राहत होते. कारागीर म्हणाल तर एक नंबर. मामलेदारांपासून शाळेतल्या मास्तरांपर्यंत सगळ्यांच्या अंगावर अण्णांच्या हातचा सदरा. दारात माणूस आला की अण्णा आधी त्याची कॉलर बघत आणि मग तोंड. त्यांना एकच मुलगा, चेतन. त्याने शिलाई शिकायला साफ नकार दिला आणि बापाच्या दुकानासमोरच तयार कपड्यांचं दुकान थाटलं. आता दोघं समोरासमोर बसून दिवसभर एकमेकांच्या गिऱ्हाइकांना नावं ठेवत. ह्याचं म्हणणं ते बावळट, त्याचं म्हणणं हे जुनाट.

आणि घरात होत्या अनसाबाई, अण्णांची बायको, चेतनची आई. अण्णांच्या प्रत्येक सदऱ्याची काजं त्या करायच्या. चेतनच्या गिऱ्हाइकांच्या लांब पँटी आखूड करून तुरपाई घालायची तीही त्यांनीच. वर दोन वेळचा स्वयंपाक. बापलेक जेवायला बसले की त्या तव्यापाशी उभ्या. दोघांचं आटोपलं की ओट्याला टेकून, उरलेली गार चपाती चहात बुडवून खायच्या. चाळीस वर्षं! आणि कपड्यांच्या या घरात त्यांच्या अंगातला ब्लाऊज कसला होता, सांगू? शिलाईतून उरलेल्या तुकड्यांचा. पाठ निळी, एक बाही हिरवी, दुसरी पट्ट्यापट्ट्यांची. त्या पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट ओढून घेत, म्हणून ते कुणाला दिसत नसे.

अनसाबाईंचं साठावं संपलं तेव्हा चेतनच्या अंगात मातृप्रेम संचारलं. तो म्हणाला, "आई, तुला काय हवं ते माग. साडी घेऊ?"

"साडी नको," त्या म्हणाल्या. "मला एकदा बसून गरम चपाती खायचीय. तव्यावरची थेट ताटात. आणि ती मी लाटलेली नको."

बास. एवढंच. बाईने सोनं मागितलं नाही, काशी मागितली नाही. एक चपाती मागितली.

एसटी स्टँडाच्या मागे नवीन हॉटेल निघालं होतं, काचेच्या दाराचं. तिथे रविवारी दुपारी जायचं ठरलं. अण्णाही हो म्हणाले. अनसाबाई जन्मात कधी हॉटेलात जेवल्या नव्हत्या. आदल्या दिवशी त्यांनी आपलं जांभळं लुगडं धुऊन, उशाखाली घडी करून ठेवलं. रविवारी सकाळी त्यांनी फक्त चहा घेतला. पोटात जागा ठेवायची होती ना!

साडेअकराला त्या तयार होऊन चौकटीत उभ्या राहिल्या. आणि इथून माझ्या रागाला सुरुवात होते.

अण्णा बाहेर आले ते पांढरा लेंगा, सदरा, वर जाकीट आणि डोक्याला टोपी. हातात दुसरं जाकीट. त्यांनी खास चेतनसाठी आठ दिवस खपून शिवलं होतं. चेतन बाहेर आला तो गुडघ्यापर्यंतच्या चड्डीत, ज्याला तो बर्मुडा म्हणतो. त्याच्या हातात एक पोपटी टी-शर्ट, त्याने खास अण्णांसाठी दुकानातून काढलेला. छातीवर हे एवढालं इंग्रजी अक्षर.

"ही काय चड्डी?" अण्णा कडाडले. "चार लोकांत जेवायला जायचंय की विहिरीवर पोहायला?"

"आणि तुम्ही काय अण्णा, नवरदेवाचे मामा म्हणून निघालात? हॉटेलात असं कुणी येत नाही. लोक हसतात."

"हसू देत! अन्नापुढे बसायचं तर माणसाने अंगभर कपड्यात बसावं. आमच्या वडिलांनी टोपीशिवाय पाण्याचा घोट घेतला नाही."

"जेवायला तोंड लागतं, टोपी नाही. इतक्या उकाड्यात जाकीट घालून घामाघूम व्हायचं, त्याला तुम्ही संस्कार म्हणता?"

झालं. एकाने जाकीट पुढे केलं, दुसऱ्याने टी-शर्ट. हा ते घेईना, तो हे घेईना. अण्णांनी आपल्या वडिलांपासून सुरुवात केली, चेतनने सगळ्या जगाचा दाखला दिला. बारा वाजले, साडेबारा वाजले. शेजारच्या बायका गॅलरीत येऊन उभ्या राहिल्या. मधूनच दोघं अनसाबाईंकडे वळत आणि ओरडत, "तूच सांग, या चड्डीला काय कपडे म्हणतात का!" आणि "तूच सांग यांना, आई!"

अनसाबाई दर वेळी एकच सांगत, "चला ना, जेवूया."

ऐकतंय कोण! बाई उपाशी उभी आहे, हे दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. शेवटी एक वाजता तिघं निघाले. अण्णा रस्त्याच्या या कडेने, चेतन त्या कडेने, आणि मधून अनसाबाई.

हॉटेल गार होतं, स्वच्छ होतं. अनसाबाई खिडकीजवळच्या टेबलाशी जाऊन बसल्या. हात कुठे ठेवायचे ते त्यांना कळेना, म्हणून मांडीवर ठेवले. ज्ञानू नावाचा वाढपी होता, पन्नाशीचा, शहाणा माणूस. त्याने पाणी ठेवलं, ताट मांडलं. वांग्याची भाजी, आमटी, काकडीची कोशिंबीर. आणि मग आली चपाती. टम्म फुगलेली. अनसाबाईंनी बोट लावलं तशी वाफ निघाली आणि त्या चटकन बोट मागे घेऊन हसल्या. चाळीस वर्षं तव्यापाशी हात भाजणारी ती बाई त्या वाफेला हसली! त्यांनी एक तुकडा मोडला आणि हात तसाच थांबवला. घरचे पुरुष बसल्याशिवाय पहिला घास घ्यायची सवयच नव्हती.

आणि पुरुष कुठे होते? दारात. पायरीवर पुन्हा जुंपली होती.

"या चड्डीवाल्याच्या पंगतीला मी बसणार नाही. निम्मं गाव माझ्या हातचे कपडे घालतं. शिंप्याचं पोर उघड्या तंगड्यांनी जेवतंय म्हणून माझी शोभा होईल."

"आणि माझे मित्र बसलेत आत. तुमची टोपी बघून उद्या माझ्या दुकानाचं हसं करतील. टोपी काढा, मग बसतो."

"टोपी निघणार नाही!"

"मग मीही बसणार नाही!"

"मग चला घरी!"

"चला!"

बघा, सकाळपासून पहिल्यांदा दोघांचं एकमत झालं. चेतन आत आला आणि म्हणाला, "आई, ऊठ. आपण घरी जातोय."

अनसाबाईंनी ताटाकडे बघितलं. "एवढी चपाती..."

"ऊठ गं! उगाच सगळ्यांसमोर तमाशा नको."

तमाशा म्हणे! अर्धा तास पायरीवर बोंबलत होते ते काय भजन होतं? पण अनसाबाई उठल्या. सवय फार वाईट असते. मोडलेला तुकडा त्यांनी पुन्हा ताटात ठेवला, ज्ञानूला म्हणाल्या, "माफ करा हं," आणि घरच्यांच्या मागे चालू लागल्या. चपाती तिथेच राहिली.

आता पुढचं ऐका. घरी आल्या आल्या अण्णांनी टोपी खुंटीला लावली. जाकीट काढलं, सदरा काढला, आणि बंडीवर पाटावर येऊन बसले. चेतनने टी-शर्ट कॉटवर भिरकावला आणि बनियनवर त्यांच्या शेजारी बसला. ज्या दोघांना एकमेकांच्या कपड्यांत जेवण गोड लागणार नव्हतं, ते दोघं मांडीला मांडी लावून अर्धे उघडे बसले. आणि अण्णा म्हणाले, "अगं, पिठलं टाक पटकन. पोटात कावळे ओरडतायत."

"चपात्या कर आई, चार-पाच," चेतन म्हणाला. "गरम."

गरम! तो शब्द उच्चारताना त्याची जीभ कशी झडली नाही, मी म्हणते.

अनसाबाईंनी गॅस पेटवला. तवा ठेवला. पिठाच्या डब्यात हात घातला. हात तसाच डब्यात ठेवून त्या जरा वेळ उभ्या राहिल्या. मग त्यांनी गॅस बंद केला. पिठाचे हात लुगड्यालाच पुसले आणि पदर कमरेला खोचला. निळी पाठ, हिरवी बाही, पट्ट्यांची बाही, सगळं उघडं पडलं. पायात चपला सरकवून त्या दाराकडे निघाल्या.

"कुठे निघालीस?" अण्णांनी विचारलं.

"जेवायला."

"अशी? या अवतारात? लुगड्याला पीठ, ब्लाऊज हा असला! अगं, शिंप्याची बायको तू. लोक काय म्हणतील?"

"खरंच आई," चेतन म्हणाला, "निदान साडी तरी बदल. काय हे दिसतंय!"

दुसऱ्यांदा एकमत. तेही कुणावर? तिच्यावर!

अनसाबाई वळल्या. आजवर त्या घरात त्यांचा आवाज कुणी चढलेला ऐकला नव्हता. तो त्या दिवशी सगळ्या आळीने ऐकला.

"आत्ता दिसला होय माझा ब्लाऊज? सकाळपासून कपड्यांवर घसा फोडताय. ह्यांचं जाकीट, तुझी चड्डी, ह्यांची टोपी, तुझा टी-शर्ट. माझ्या अंगावर काय आहे ते एकाने तरी बघितलं? पाच वर्षं हाच घालतेय. गावाला कपडे पुरवणारी दोन दुकानं आहेत माझ्या घरात! बरं, ब्लाऊजचं जाऊ दे. मी सकाळपासून उपाशी आहे, ते दिसलं? माझ्या तोंडातला घास काढून मला उठवलंत आणि वर पिठलं मागता? लाज कपड्याने झाकली जात नाही, समजलं? तुम्हा दोघांची तर मुळीच नाही."

आणि त्या गेल्या.

बापलेकांना वाटलं, कोपऱ्यापर्यंत जाईल आणि येईल परत. जाऊन जाऊन जाणार कुठे? दहा मिनिटं झाली. वीस झाली. तवा गार पडला. अण्णांनी चेतनकडे बघितलं, चेतनने अण्णांकडे. "अरे, खरंच गेली की काय?" अण्णा म्हणाले आणि दोघं उठले ते तसेच धावत सुटले. एक बंडीवर, एक बनियनवर. मंडईतून, मास्तरांच्या घरासमोरून, चेतनच्या मित्रांच्या कट्ट्यावरून. सगळ्या गावाने बघितलं.

इकडे अनसाबाई त्याच खिडकीजवळच्या टेबलाशी बसल्या होत्या. त्या आत आल्या तेव्हा जेवणाची वेळ संपली होती आणि ज्ञानू टेबलं पुसत होता. त्याने त्यांच्या बाह्यांकडे बघितलं नाही की पिठाच्या डागांकडे. त्याने तोंड बघितलं. म्हणाला, "बसा ताई. मघाची गार झाली, ती काढली. तवा तापलाय अजून, दुसरी आणतो."

"पैसे आहेत माझ्याकडे. काजांचे," त्या म्हणाल्या.

"विचारलं का मी? भाजी आधी वाढू?"

अनसाबाई दुसऱ्या चपातीवर होत्या तेव्हा काचेबाहेर दोन चेहरे येऊन थांबले. घामाने निथळलेले, धापा टाकणारे. अण्णांनी दार ढकललं, पण ज्ञानू मध्ये उभा राहिला. म्हणाला, "असं बनियनवर आत येता येत नाही, अण्णा. कुटुंबं बसतात इथे." आणि मागे वळून त्याने हळूच विचारलं, "ताई, तुमच्या घरचे आहेत. घेऊ का आत?"

अनसाबाईंनी काचेकडे बघितलं. शिंप्याचं सगळं घराणं तिथे हात छातीवर दुमडून, अंग झाकायला धडपडत उभं होतं. अण्णांचा हात सवयीने टोपी सारखी करायला डोक्याकडे गेला आणि टोपी नाही हे कळून खाली आला.

"थांबू देत," अनसाबाई म्हणाल्या. "चाळीस वर्षं ते जेवल्यावर मी जेवले. आज मी जेवल्यावर ते जेवतील." आणि त्यांनी ताट जरा पुढे सरकवलं. "मला आणखी एक वाढा. गरम आहे ना?"

"तव्यावरची आहे, ताई."

ती त्यांनी सावकाश खाल्ली, एकेक तुकडा मोडून. त्यानंतर ताकही घेतलं. घाई कसली होती? काचेबाहेरचे दोघं उन्हात उभे होते, आणि सकाळपासून पहिल्यांदाच कपड्यांवर एक शब्दही बोलत नव्हते.

तात्पर्य एवढंच, आणि कान उघडे ठेवून ऐका: जेवायला जाताना टोपी घाला नाहीतर चड्डी घाला, मला त्याचं काही नाही. पण जिच्यासाठी निघालात तिचं ताट तसंच टाकून जे एकमेकांच्या कपड्यांवर भांडतात, ते म्हातारे असोत की तरुण, भर बाजारात उघडेच असतात.