उजवे हात खाली

“येत असेल तर उजवा हात, येत नसेल तर डावा. पण हात सगळ्यांनी वर करायचा... आणि असं का, ते विचारायचं नाही.”

केरबा गुरुजी चौथीच्या पोरांकडून घोकून घेत होते. परीक्षकांपुढं वर्ग हुशार दिसायला हवा. पाठ घेणाऱ्यानं फक्त उजव्या हातांना विचारायचं.

प्रणाली मागं उभी होती. अध्यापक विद्यालयातला तिचा हा शेवटचा पाठ. नापास झाली, तर पदविका नाही. बापानं स्थळ बघूनच ठेवलं होतं.

“आणि डावे हात, गुरुजी?”

“त्यांना कुणी विचारत नाही.”

“चौथीपर्यंत?”

गुरुजी हसले. “बाई, तू मास्तरीण व्हायला का आलीस? उन्हाळ्याची सुट्टी मिळते म्हणून, का समाजसेवा?”

“माझी बहीण याच शाळेत शिकली. डावा हात वर करून चौथी पास झाली.”

“मग? पास झाली ना?”

“पोट दुखतं म्हणून दवाखान्यात गेली. त्यांनी कागद पुढं केला. वाचता येईना, अंगठा दिला. शुद्धीवर आली तेव्हा गर्भाची पिशवी काढलेली होती... एकविसाव्या वर्षी.”

गुरुजी हातातला खडू फिरवत राहिले.

“आधी पास हो, पोरी. मग शिकव कुणाला शिकवायचं ते. आम्हीसुद्धा असंच म्हणायचो.”

परीक्षक आले. खुर्चीत बसले. चहा आला.

प्रणालीनं फळ्यावर ‘पाणी’ लिहिलं. “कोण वाचेल?”

सगळे हात वर. परीक्षकांनी समाधानानं मान डोलावली.

“उजवे हात खाली.”

निम्म्याहून जास्त हात वरच राहिले.

परीक्षकांचा कप ओठांशी थांबला. “ही काय पद्धत?”

गुरुजी धावले. “साहेब, पोरगी घाबरलीय. पुन्हा घेईल पाठ.”

“घ्या पुन्हा. हा मी पाहिलाच नाही असं समजतो. नाहीतर गुण देता येणार नाहीत.”

“नका देऊ.”

ती डावा हात वर केलेल्या एका मुलीजवळ जमिनीवर बसली. पाटीवर ‘पा’ काढला. मुलीनं त्याकडं पाहिलं आणि रडायला लागली.

परीक्षक उठले. “बाई, पाठ संपला.”

“नाही संपला, सर. खाली बसा.”

गुरुजींनी परीक्षकांकडं पाहिलं. परीक्षकांनी दाराकडं.

प्रणालीनं पेन्सिल त्या मुलीच्या हातात दिली.