निळ्या रंगाचा तोरा

लोक आपली घरं आपणच रंगवत, त्या काळची ही गोष्ट. वत्सलाने खोलीसाठी निळा रंग आणला. डब्यातल्या रंगाने शेजारच्या पॉलिश पेपरकडे पाहून नाक मुरडलं.

"भिंतीवर जुन्या रंगाचे पोपडे आहेत. आधी मला ते घासू दे," पॉलिश पेपर म्हणाला.

"माझ्याखाली काय आहे ते कोण बघतंय? खरखरीत तोंडाच्यांनी मला शिकवू नये," रंग म्हणाला.

वत्सलालाही घाई होती. तिने तसाच रंग लावला.

थोड्याच दिवसांत पोपडे सुटले आणि त्यांना चिकटलेला निळा रंगही फरशीवर पडला. वत्सलाने पॉलिश पेपर हातात घेतला.

"मला घासू नकोस, मी नवा रंग आहे," भिंतीवर उरलेला रंग कळवळला.

"होतास. आता तूही पोपडाच आहेस," पॉलिश पेपर म्हणाला आणि घासू लागला.