येसाक्काचे तळहात

फार वर्षांपूर्वी, दगडावर दगड घासल्याशिवाय कुणाच्या ताटात भाकरी पडत नव्हती, त्या काळातली ही गोष्ट आहे. सांगताना एखादा दुवा निसटेल अशी धास्ती मला दर वेळी वाटते, म्हणून हळू सांगतो. तुम्हीही हळू ऐका.

घाटमाथ्यावर आरसवाडी नावाचं गाव होतं. खालून गावात यायला एकच वाट, आणि त्या वाटेत चाळीस हात लांबीचा उघडा, कलता खडक. एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला दरी. पायांनी, खुरांनी, चाकांनी घासून घासून तो खडक इतका झिजला होता, की त्यात आभाळ दिसायचं म्हणे. लोक त्याला आरसामाय म्हणत आणि देवी मानत. दर चैत्री पुनवेला सगळे गाडीवान चाकाच्या वंगणातलं तेल तिच्यावर ओतत. आसाला तेल दिलं की चाक सुरळीत फिरतं. मग वाटेला तेल दिलं की वाटही सुरळीत होईल, अशी त्यांची साधी समजूत होती. दर वर्षी एखादा बैल दरीत जाई. गाव म्हणे, तेल कमी पडलं. पुढच्या वर्षी आणखी ओतत.

याच गावात येसाक्का पाथरवटीण राहत होती. हातोडा आणि टाकी, म्हणजे दगडाची छिन्नी, घेऊन ती दारोदार फिरायची. जातं वापरून गुळगुळीत झालं, की दाणे नुसते आत जातात आणि जसेच्या तसे बाहेर पडतात. मग येसाक्का पाळीवर, म्हणजे जात्याच्या तळीवर, टाकीचे घाव घाले, दगडाला पुन्हा खडबडीत करी, आणि पीठ पडू लागे. पन्नास वर्षं दगड हाताळून तिचे तळहात असे झाले होते, की तिनं लुगड्यावरून हात फिरवला तर सूत निघायचं, असं म्हणतात.

तिची एकुलती एक लेक गिरजा घाटाखाली दिली होती. पहिलं बाळंतपण, म्हणून जावई तिला गाडीत घालून माहेरी आणत होता. निरोप आला, गाडी पुनवेला पोचेल. पुनवेलाच तर तेल.

ती केरोबा पाटलांकडे गेली. म्हणाली, "पाटील, यंदा तेल एक दिवस उशिरा घाला."

"देवी थांबते होय गं?" पाटील म्हणाले. "उलट तेलावर तुझी लेक अलगद वर येईल. भिऊ नकोस."

पुनवेच्या सकाळी तेल पडलं. येसाक्कानं पाट्याच्या पाट्या माती नेऊन टाकली, तर तेलात तिचा राबडा झाला आणि खडक आणखीच निसरडा. तेव्हा तिनं पदर खोचला, खालच्या टोकाला बसली आणि देवीच्या अंगावर पहिला घाव घातला.

आवाज ऐकून गाव धावत आलं.

"लोखंड लावतेस आरसामायला?" पाटील ओरडले.

"पाटील, लग्नात जात्याला हळदकुंकू वाहता, देव म्हणून पुजता. आणि तेच जातं गुळगुळीत झालं, की मला हाक मारता. तेव्हा देवाला लोखंड लागत नाही होय?"

एक गाडीवान हसला. "म्हातारे, खडकावर दळण दळणार का?"

"दळीन. पहिलं तुझंच डोकं घालीन."

तेवढ्यात पाटलांची बायको बयाजाबाई पुढं झाली. म्हणाली, "अहो, हिनं टाकी लावली म्हणून आज आपल्या घरी पीठ पडतंय. नाहीतर अख्खी ज्वारी चघळत बसला असता. करू द्या तिला."

पाटील वाटेतून बाजूला झाले. मग म्हणाले, "कर. पण गाडी घसरली तर पाप तुझं."

"पाप माझंच. लेकही माझीच."

दिवसभर ती घाव घालत राहिली. तेलावरून टाकी सटके आणि हातोडा बोटांवर बसे. एकेक करून सहा टाक्यांची तोंडं गेली. प्रत्येक घावाला वाटे, आता घुंगरं वाजतील, आता वाजतील. उन्हं उतरली तेव्हा तीस हात खडक खरबरीत झाला होता. दहा हात बाकी होता. सातव्या टाकीचं तोंड गेलं, आणि तेव्हाच खालून घुंगरं ऐकू आली.

"उतरून चालत ये गं!" येसाक्का ओरडली.

"कळा सुरू झाल्यात, आत्या!" जावयानं खालून ओरडून सांगितलं. "उभं राहवत नाही तिला!"

गाडी खडकावर चढली. टाकीच्या घावांत बैलांचे खूर रुतले. दहा हात, वीस हात, तीस हात. मग पुढचे खूर तेलावर पडले. दोन्ही बैल गुडघ्यांवर आले आणि गाडी मागं जाऊ लागली. कुणीतरी उटीसाठी, म्हणजे चाकामागं घालायच्या दगडासाठी, इकडंतिकडं पाहू लागलं. पण त्या झाडून पुसून ठेवलेल्या देवीच्या वाटेवर एक खडासुद्धा नव्हता.

येसाक्का गाडीमागं गेली आणि तिनं दोन्ही तळहात चाकाला लावले.

चाक थांबलं. असं म्हणतात की घर्रर्र असा एकच आवाज झाला, सगळ्या गावाची जाती एकदम फिरावीत तसा, आणि तिच्या हातांतून ठिणग्या उडाल्या. बैल उठले. गाडीवानांनी अंगावरची घोंगडी काढून त्यांच्या खुरांखाली पसरली आणि गाडी वर आली. अंधार पडायच्या आत गिरजाला मुलगी झाली.

सुइणीनं बाळ येसाक्कापुढं धरलं. येसाक्कानं हात पुढं केले आणि एकदम मागं घेतले. तिच्या तळहातांवर एक रेषसुद्धा उरली नव्हती. ते त्या खडकासारखे गुळगुळीत झाले होते. पाण्याचा तांब्या तिच्या हातातून निसटला. हातोडाही निसटला.

"आये, घे की नातीला," गिरजा म्हणाली.

"नको गं. सुटेल माझ्याकडून."

पुढं ती बारा वर्षं जगली, असं म्हणतात, पण नातीला तिनं एकदाही उचललं नाही. बाळाजवळ नुसती बसून राही. एकदा बाळानंच आजीचं बोट मुठीत धरलं. येसाक्का घाबरून हात ओढू लागली, तर ती मूठ काही सुटेना. तेव्हा ती रडली म्हणे.

आरसवाडीत आजही वंगणाचं तेल फक्त आसाला देतात. चैत्री पुनवेला घरटी एकजण खडकावर टाकीचा एक घाव घालतो. खडकाच्या वरच्या बाजूला, जिथं येसाक्कानं चाक अडवलं, तिथं दोन पंजांएवढी जागा आपसूक खरबरीत आहे; तिच्या तळहातांचा खरखरीतपणा तिथं उतरला म्हणतात. त्या जागेवर मात्र कुणी घाव घालत नाही. गावात बाळ जन्मलं, की त्याला उचलण्याआधी घरातला प्रत्येक माणूस तिथं जाऊन आपले तळहात घासतो आणि म्हणतो, "येसाक्का, पकड दे." आणि पहिल्यांदा बाळ हातात घेतलं की जरा घट्टच धरतात.